हृदयातील नळी आणि मेंदूतील गुठळी

नाडीपरीक्षेची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. शार्ङ्गधराने वाताच्या नाडीला जळवेची व सर्पाची, पित्ताच्या नाडीला कावळ्याची व बेडकाची आणि कफाच्या नाडीला हंसाची व पारव्याची गती सांगितली. या प्रत्येक प्राण्याच्या चालीत काही एक ताल आहे. परंतु आज ज्या नाडीविषयी मी बोलणार आहे, तिला कोणत्याही प्राण्याची चाल देता येत नाही. दोन ठोके लागोपाठ, तिसरा रेंगाळत, चौथा इतका क्षीण की बोटास लागूच नये, आणि पाचवा एकाएकी धडक मारणारा. कितीही वेळ बोटे ठेवून बसा, क्रम म्हणून सापडत नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यांनी या अवस्थेला ‘हृदयाचा उन्माद’ असे नाव दिले होते. आजचे डॉक्टर तिला ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. आपण तिला कर्णिकाकंप म्हणू.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणतात, खालच्या दोहोंस जवनिका. निरोगी हृदयात कर्णिका आकुंचन पावून आपले रक्त खाली ढकलतात. कर्णिकाकंपात त्या आकुंचन पावत नाहीत, नुसत्या थरथरतात. जवनिका आपले काम कसेबसे चालू ठेवते, म्हणून मनुष्य जगतो, हिंडतो, कित्येकदा त्याला काही झाल्याचे कळतही नाही. परंतु डाव्या कर्णिकेच्या एका बाजूस बोटाएवढा एक चिंचोळा खिसा आहे. कर्णिका थरथरू लागली की या खिशात रक्त साचून राहते आणि साचलेले रक्त गोठते. तेथील गुठळी सुटली तर ती डाव्या जवनिकेतून महाधमनीत आणि तेथून पुष्कळदा सरळ मेंदूत जाते. पक्षाघात होतो तो असा. विकार हृदयाचा, आणि घाला मेंदूवर.

हा विकार हृदयात नळी घालून बरा करण्याची विद्या गेल्या काही दशकांत उदयास आली. आज ती जगभर रूढ आहे, आणि आपल्याकडील मोठ्या शहरांतही होते. परंतु त्या नळीच्या वाटेनेच काही रुग्णांना पक्षाघात झाला, हेही तितकेच खरे. तो धोका कसा ओळखला गेला आणि किती आटोक्यात आला, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

कर्णिकाकंपाची ओळख पटण्यासच पुष्कळ काळ लागला. इंग्लंडातील बर्नली गावी साधी डॉक्टरकी करणाऱ्या जेम्स मॅकेंझी यांनी नाडीचे आलेख वर्षानुवर्षे काढले. अनियमित नाडीच्या रुग्णांत कर्णिकेच्या आकुंचनाची लाट आलेखातून नाहीशी होते, हे त्यांच्या ध्यानी आले. कर्णिका लुळी पडली असावी, असा त्यांनी तर्क केला. तर्क चुकला, निरीक्षण मात्र अचूक होते. पुढे हॉलंडमध्ये विलेम आइनथोवेन यांनी हृदयातील विद्युत्प्रवाह टिपणारे यंत्र सिद्ध केले आणि 1909 साली लंडनच्या थॉमस लुइस यांनी दाखवून दिले की, कर्णिका लुळी नसून सतत थरथरत असते. लुइस एवढ्यावर थांबले नाहीत. ज्यांची नाडी अशीच बेताल आहे असे घोडे त्यांनी शोधले आणि छाती उघडून ती थरथर डोळ्यांनी पाहिली. विद्येची खातरजमा करण्याची ही रीत आज कोणास क्रूर वाटेल. पण त्या घोड्यांमुळे कागदावरच्या रेघांचा अर्थ कायमचा निश्चित झाला.

आता नळीकडे वळू. 1929 साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील एका लहान रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर काम करीत होता. कोपराजवळच्या शिरेतून नळी सरकवीत नेली तर ती हृदयापर्यंत पोहोचेल, अशी त्याची खात्री होती. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. तेव्हा त्याने मूत्रमार्गासाठी वापरावयाची लांब नळी घेतली, आपल्याच दंडाच्या शिरेत घातली, सुमारे 65 सेंटिमीटर आत सरकवली आणि तशीच ठेवून क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला. छायाचित्रात नळीचे टोक उजव्या कर्णिकेत दिसले. या साहसाबद्दल त्याची वाहवा होण्याऐवजी उपेक्षाच झाली, आणि पुढे त्याने हृदयाचा नाद सोडून मूत्रविकारांचे शास्त्र धरले. अमेरिकेत आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी त्याच्या कल्पनेचे शास्त्र बनविले, आणि 1956 साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे. फोर्समानची नळी हृदयाच्या उजव्या बाजूस गेली. उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांत जाते. तेथे एखादी बारीक गुठळी किंवा हवेचा बुडबुडा गेला, तर फुप्फुसातील केसासारख्या वाहिन्या चाळणीप्रमाणे तो अडवितात, आणि गुठळी मोठी नसेल तर बहुधा काही बिघडत नाही. डाव्या बाजूस अशी चाळणी नाही. तेथे जे सुटेल ते मेंदूकडे जाऊ शकते. आणि मेंदूच्या एखाद्या धमनीत तांदळाच्या कणाएवढी गुठळी अडकली तरी वाचा किंवा हात जाण्यास ती पुरेशी आहे. उजवी बाजू क्षमा करते, डावी करीत नाही.

1959 साली जॉन रॉस आणि कॉन्स्टंटिन कोप यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दोन कर्णिकांमधील पडद्याला सुईने छिद्र पाडून उजवीकडून डावीकडे जाण्याची युक्ती प्रसिद्ध केली. हेतू डाव्या कर्णिकेतील दाब मोजण्याचा होता. पुढे ही वाट दुसऱ्याच कामी येईल, हे त्या वेळी कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. आपल्या देशातील हजारो रुग्ण ती वाट निराळ्या निमित्ताने ओळखतात. बालपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप आखडलेल्यांसाठी जपानच्या कांजी इनोऊए यांनी 1984 साली फुग्याची जी रीत जगापुढे मांडली, तीही याच छिद्रातून जाते.

नळीच्या टोकाने हृदयातील एखादा बिंदू जाळून ताल सुधारण्याचा मानवावरील पहिला प्रयोग 1982 साली प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्कोचे मेल्विन शाइनमन यांनी विजेचा जबर धक्का देऊन कर्णिका व जवनिका यांमधला विद्युन्मार्गच तोडला. जवनिकेला ताल देण्यासाठी कृत्रिम गतिदाता, म्हणजे पेसमेकर, बसविण्यात आला. नाडी घड्याळासारखी चालू लागली. रुग्णाच्या बोटांना आणि डॉक्टरांच्याही बोटांना रोग गेला असे वाटावे. परंतु वरची कर्णिका पूर्वीसारखीच थरथरत होती, खिशातले रक्त पूर्वीसारखेच साचत होते. नाडी सुधारली, धोका तसाच राहिला. हा भेद कागदावर सोपा दिसतो. व्यवहारात तो पुनःपुन्हा विसरला गेला.

याच सुमारास सेंट लुइसचे शल्यवैद्य जेम्स कॉक्स कर्णिकेत चिरा देऊन चक्रव्यूहासारखी रचना करीत आणि 1987 पासून माणसांत त्या शस्त्रक्रियेने ताल परत आणीत. तीत छाती उघडावी लागे; पण तो कुप्रसिद्ध खिसाही त्याच वेळी कापून काढला जाई. ज्यांना छाती उघडल्याशिवाय हे साधावयाचे होते, ते नळीने कर्णिकेच्या आत जळक्या रेषा ओढू पाहत होते. रेषा लांब, वेळ पुष्कळ, आणि भाजलेला पृष्ठभाग मोठा. गुठळीला याहून सुपीक जमीन कोणती?

मार्ग मोकळा झाला तो बोर्दो येथे. 1998 साली मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 45 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्णिकाकंपाला चिथावणी देणारी 69 केंद्रे त्यांना सापडली आणि त्यांतील 65 कर्णिकेत नसून फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरांच्या आत होती. आग घरात दिसत होती, ठिणगी मात्र उंबऱ्याबाहेरून येत होती. मग सारी कर्णिका जाळण्याऐवजी त्या चार शिरांच्या मुखांभोवती कुंपण घालावे, हा विचार पुढे आला. हीच आजच्या उपचाराची मुख्य रीत. काही वर्षांतच ती देशोदेशी पसरली. मात्र प्रत्येक रुग्णाच्या डाव्या कर्णिकेत, म्हणजे चाळणी नसलेल्या बाजूस, आता लांबलचक नळ्या तास-तास राहू लागल्या.

रक्त का गोठते याचे उत्तर बर्लिनच्या रूडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शोधले होते. त्यांच्या विचारावरून वैद्यकात तीन कारणांचा दंडक पडला: रक्त साचणे, वाहिनीचे अस्तर दुखावणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. आमच्या नळीने ही तिन्ही कारणे एके ठिकाणी आणली. कर्णिका आधीच मंद. तिचे अस्तर आपण मुद्दाम भाजणार. आणि नळी ही परकी वस्तू, तिला स्पर्श होताच रक्त गोठू पाहणार. शिवाय ताल परत आल्यावरही कर्णिकेचे स्नायू काही आठवडे बधिर असतात. यात हवेच्या बुडबुड्याची भीती आणखी वेगळी.

2004 साली फिलाडेल्फियातील डॉक्टरांनी हृदयाच्या आतच ध्वनिलहरींचे सूक्ष्म यंत्र ठेवून उपचार चालू असताना काय घडते ते पाहिले. 232 रुग्णांपैकी 24 जणांच्या डाव्या कर्णिकेत डोळ्यांदेखत गुठळी तयार झाली, बहुतेक नळीला किंवा तिच्या आवरणाला चिकटलेली. आणि हे रक्त न गोठू देणारे हेपॅरिन चालू असताना! मग त्यांनी जे केले ते मला या साऱ्या इतिहासातले फार शहाणपणाचे कृत्य वाटते. नळी आणि आवरण हलकेच मागे ओढून त्यांनी गुठळीसकट उजव्या कर्णिकेत आणले. मेंदूवर जाणारे संकट चाळणीच्या बाजूस नेले. बहुतेक गुठळ्या अशा रीतीने डाव्या बाजूतून दूर झाल्या. या व अशा निरीक्षणांनंतर हेपॅरिनची मात्रा वाढली. रक्त गोठण्यास लागणारा वेळ 300 सेकंदांच्या वर राहील अशी व्यवस्था आता ठेवतात, नळीचे टोक खाऱ्या पाण्याच्या धारेने गार ठेवतात, म्हणजे त्यावर करपलेले रक्त साचत नाही. आणि जेथे शंका असेल तेथे आधीच अन्ननलिकेतून यंत्र घालून खिशात जुनी गुठळी नाही ना, हे पाहून घेतात.

2005 साली रिकार्डो काप्पातो यांनी जगभरच्या रुग्णालयांतून आलेली आकडेवारी एकत्र केली. उपचार घेतलेल्या दर हजारात सुमारे तीन जणांना पक्षाघात झाला होता आणि सुमारे सातांना थोड्या वेळाने ओसरणारा झटका आला होता. आकडा लहान, यात शंका नाही. परंतु हे आकडे रुग्णालयांनी स्वतः कळविलेले होते, आणि आपल्या घरचे उणे कोण मोठ्याने सांगतो? पुढे चुंबकीय यंत्राने मेंदूची चित्रे घेण्यास आरंभ झाला तेव्हा निराळेच दृश्य दिसले. 2010 साली इटलीत 232 जणांच्या मेंदूची उपचारानंतर पाहणी झाली. एकाला पक्षाघात झाला असेल-नसेल, पण 33 जणांच्या मेंदूत नवे बारीक डाग उमटले होते. रुग्णांना त्याची जाणीव नव्हती. एका विशिष्ट प्रकारच्या, अनेक ध्रुवांच्या नळीने उपचार केलेल्यांत तर हे प्रमाण दहांत जवळजवळ चार इतके आढळले, आणि ती नळी पुढे बदलावी लागली. अशा मूक डागांचा स्मरणशक्तीवर दूरचा परिणाम काय, याचा निर्विवाद निकाल अद्याप लागलेला नाही.

आता मी या कथेतील त्या भागाकडे येतो, जो ऐकून मन थोडे अस्वस्थ होते. कर्णिकाकंपाच्या रुग्णाला वॉर्फरिनसारखे रक्त न गोठू देणारे औषध नेहमी द्यावे लागते. या औषधाची जन्मकथाही विलक्षण आहे. 1920 नंतरच्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील कुरणांत सडलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनच्या कार्ल पॉल लिंक यांनी त्या गवतातले द्रव्य शोधून काढले, आणि त्याच कुळातील वॉर्फरिन 1948 साली बाजारात आले ते उंदीर मारण्यासाठी! माणसांच्या उपयोगास ते 1954 पासून आले. कर्णिकाकंपातील पक्षाघात त्याने सुमारे दोन-तृतीयांश कमी होतात, हे पुढे सिद्ध झाले.

तर नळीचा उपचार करावयाचा म्हणजे मांडीच्या शिरेला आणि हृदयाच्या पडद्याला भोक पाडावयाचे. अशा वेळी हे औषध चालू ठेवावे काय? साधी व्यवहारबुद्धी म्हणे, नाही. रक्त वाहिले तर ते समोर दिसते. त्याचा ठपका हाताखालीच येतो. म्हणून औषध काही दिवस आधी थांबवावे, मध्यंतरी हेपॅरिनची सुई द्यावी, आणि नंतर पुन्हा सुरू करावे, असा प्रघात पडला. प्रघात सावधगिरीचा दिसत होता. 2014 साली लुइजी दि बियासे, आंद्रेआ नाताले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,584 रुग्णांवर त्याची कसोटी घेतली. निम्म्यांचे वॉर्फरिन थांबविले, निम्म्यांचे चालू ठेवले. थांबविलेल्या 790 जणांत 29 पक्षाघात आणि 10 तात्पुरते झटके आले. चालू ठेवलेल्या 794 जणांत पक्षाघात झाले फक्त दोन. आणि किरकोळ रक्तस्राव? तोही औषध थांबविलेल्यांतच अधिक. ज्या भीतीने औषध थांबविले जात होते, ती भीती पायाशुद्ध नव्हती.

या आकड्यांचा अर्थ प्रत्यक्ष घरात काय होतो ते पाहा. ज्या कुटुंबाने आपल्या कर्त्या माणसाला ताल सुधारण्यासाठी रुग्णालयात नेले, आणि वाचा गेलेल्या स्थितीत घरी आणले, त्यांना त्यामागे एक सदिच्छेने पडलेला प्रघात होता हे कोणी सांगितले असेल काय? मला वैद्यांना दोष द्यावयाचा नाही. प्रघाताला प्रश्न विचारून त्याची परीक्षा घेणारेही वैद्यच होते. 2017 साली डाबिगाट्रान या नव्या औषधाची वॉर्फरिनशी तुलना झाली, तेव्हा दोन्ही गटांत औषध न थांबविताच उपचार केले गेले. आणि मोठा रक्तस्राव नव्या औषधाच्या गटात 1.6 टक्के, तर वॉर्फरिनच्या गटात 6.9 टक्के आढळला. आता औषध खंडित न करणे हाच नियम झाला आहे. सांधेतापाने झडप आखडलेल्यांसाठी मात्र वॉर्फरिनचे कुळच अद्याप सरस. 2022 साली भारतासह अनेक देशांतील साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत नवे रिव्हारॉक्साबान त्यापुढे उणे पडले. शेजाऱ्याला नवी गोळी मिळाली म्हणून आपणही तीच मागावी, असे येथे चालत नाही.

दुसरा भ्रम रुग्णांचा आहे, आणि तो अगदी मनुष्यस्वभावास धरून आहे. ताल परत आला, आता गोळी कशास? 2002 साली अमेरिका व कॅनडातील 4,060 रुग्णांच्या ‘अफर्म’ नावाच्या चाचणीत ताल सुधारणारी औषधे घेतलेल्यांनाही पक्षाघात झाले. त्यांतील बहुतेक अशांना, ज्यांनी वॉर्फरिन सोडले होते किंवा ज्यांच्या रक्तात त्याचा प्रभाव पुरेसा नव्हता. नळीच्या उपचाराबाबत 2019 साली 2,204 रुग्णांची ‘कबाना’ चाचणी प्रसिद्ध झाली. मृत्यू, पंगू करणारा पक्षाघात, गंभीर रक्तस्राव आणि हृदय बंद पडणे या चारही गोष्टी मिळून पाहता नळीच्या गटात 8 टक्के आणि औषधांच्या गटात 9.2 टक्के आढळले. या अंतराला संख्याशास्त्राने निर्णायक मानले नाही. रुग्णांना बरे वाटले, दम कमी लागला, झटके कमी आले, हे खरे. ते थोडके नव्हे. परंतु केवळ पक्षाघात टळावा म्हणून कोणी हा उपचार करून घेत असेल, तर त्याने हा आकडा आधी पाहावा.

आणखी एक संकट क्वचितच येते. पण ते घरी आल्यावर येते, म्हणून सांगितलेच पाहिजे. डाव्या कर्णिकेच्या पाठीशी अन्ननलिका अगदी लगटून असते. कर्णिकेत दिलेली उष्णता कधी तिच्यापर्यंत पोहोचते आणि दोन-चार आठवड्यांनी दोहोंत भगदाड पडते. त्यातून हवा व जंतू रक्तात शिरतात. उपचारानंतर महिना-दीड महिन्याच्या आत ताप येऊन गिळताना दुखू लागले, किंवा वाचा-हात-पाय यांत दोष दिसला, तर घरच्यांनी आधी नळीच्या उपचाराची गोष्ट डॉक्टरांना सांगावी. अशा वेळी अन्ननलिकेत दुर्बीण घालणेच घातक ठरू शकते. ही दुर्घटना 2004 साली प्रथम नोंदली गेली.

उष्णतेऐवजी विजेच्या अतिसूक्ष्म काळाच्या स्पंदांनी पेशी निकामी करण्याची रीत आता आली आहे. अमेरिकेत तिला 2023 च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या 17 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत अन्ननलिकेचे भगदाड एकही नव्हते आणि पक्षाघात हजारात सुमारे एक होता. परंतु 2025 च्या जानेवारीत याच जातीच्या एका नव्या नळीचा वापर अमेरिकेत काही काळ थांबवावा लागला; कारण मेंदूशी संबंधित चार दुर्घटना कळविल्या गेल्या होत्या. साधन बदलले तरी वाट तीच, डाव्या कर्णिकेतून.

आणि गोळीचे काय? उपचारानंतर निदान दोन-तीन महिने ती सर्वांनीच घ्यावी, यावर मतभेद नाही. त्यापुढे ती घ्यावी की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरवितात. नाडी कशी लागते यावरून नव्हे. या नियमाला पहिला गंभीर प्रश्न अगदी अलीकडे विचारला गेला. 2025 साली दक्षिण कोरियात, उपचारानंतर किमान एक वर्ष कर्णिकाकंप पुन्हा न दिसलेल्या 840 रुग्णांपैकी निम्म्यांची गोळी थांबविण्यात आली. दोन वर्षांत पक्षाघात, अन्यत्र गुठळी व मोठा रक्तस्राव मिळून गोळी थांबविलेल्यांत 0.3 टक्के आणि चालू ठेवलेल्यांत 2.2 टक्के आढळले; आणि हे अंतर प्रामुख्याने रक्तस्रावाचे होते. मात्र हे रुग्ण वर्षभर तपासणीखाली राहिलेले आणि त्या तपासण्यांत निर्दोष ठरलेले होते. ज्याने नाडी स्वतःच चाचपून पाहिली आणि आपल्याच मनाने गोळी बंद केली, असा मनुष्य त्या 840 जणांत एकही नव्हता.